मुगाची मऊ खिचडी करताना या चुका टाळा

मुगाच्या डाळीची खिचडी अर्ध्या-पाऊण तासात होते, तिला फारसं सामान लागत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती सगळ्यात जास्त बिघडवली जाते. ताप उतरलेल्या माणसाला, प्रवासातून दमून आलेल्याला, पोट धरून बसलेल्या लेकराला द्यायचं हे जेवण. पण हल्ली ‘आयुर्वेदिक खिचडी’ म्हणून ताटात येतो तो मोकळा भात. त्यात मटार, गाजर, टोमॅटो, दोन चमचे गरम मसाला आणि दाताखाली कचकचणारी डाळ. मसालेभात खायचा असेल तर जरूर करावा, त्याची मजा वेगळीच. पण पोटाला आराम द्यायचा म्हणून खिचडी टाकणार असाल, तर तिला तिच्या पद्धतीनेच करायला हवं.

पाण्याची कंजुषी

खिचडी हलकी असते, असं सगळेच डोळे मिटून म्हणतात. भावप्रकाश या 16व्या शतकातल्या ग्रंथात मात्र डाळ-तांदूळ, मीठ, आलं आणि हिंग घालून पाण्यात शिजवलेली कृशरा बळ देणारी, पण पचायला जड सांगितली आहे. म्हणजे भांड्यात डाळ-तांदूळ एकत्र पडले की खिचडी आपोआप हलकी होते, असं नाही. तिला हलकं करतात तीन गोष्टी: मूग, भरपूर पाणी आणि पूर्ण शिजणं. आयुर्वेदात पंचकर्मानंतर माणसाला एकदम जेवायला वाढत नाहीत. आधी पातळ पेया, मग घट्टसर विलेपी, मग मुगाचं कढण, असं पायरीपायरीने नेहमीच्या जेवणावर आणतात. यवागूला, म्हणजे धान्याच्या पेजेला, धान्याच्या सहापट पाणी सांगितलं आहे आणि मंडाला, म्हणजे नुसत्या वरच्या निवळीला, चौदापट. आणि आपण कुकरमध्ये दुप्पट पाणी घालून दोन शिट्ट्यांत गॅस बंद करतो!

माझं माप सांगते. पाऊण वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी सालाशिवायची मूगडाळ. पातेल्यात करणार असेन तर मिळून सात वाट्या पाणी, कुकरमध्ये पाच ते साडेपाच. आजारी माणसासाठी याहून एखादी वाटी जास्त. खिचडी आसट झाली की नाही हे ताटात कळतं. डावाने वाढल्यावर ती हळूहळू पसरली पाहिजे. ढीग होऊन उभी राहिली तर पाणी कमी पडलं. कडेने पाणी वेगळं सुटलं तर शिजायची बाकी आहे. मग एक दाणा दोन बोटांत चेपून बघायचा. मधे बारीकशी टणक कणी लागली तर आणखी पाच-सात मिनिटं. घरातल्यांना कितीही भूक लागली तरी ही पाच-सात मिनिटं मी सोडत नाही.

पाणी घालायचं ते आधणाचं. शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवायचं आणि लागेल तसं तेच घालायचं. उकळत्या खिचडीत नळाचं गार पाणी ओतलं की उकळी बसते, शिजणं लांबतं आणि दाणा एकसारखा मऊ होत नाही. घाईत असलेली माणसं हेच करतात आणि मग ‘डाळच वाईट निघाली’ म्हणून दुकानदाराला बोल लावतात.

आंबट आधी, त्यात जड पाणी

ही चूक पाहिली की माझा संयम सुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका योगशिबिरात मी स्वयंपाकघरात मदतीला होते. तीस-चाळीस माणसं, दिवसभर हलका आहार, रात्री मुगाची खिचडी. खिचडी टाकणारे दोघे उत्साही तरुण होते. त्यांनी मोठ्या पातेल्यात तेल तापवलं, त्यात किलोभर टोमॅटो परतले, वर डाळ-तांदूळ लोटले आणि बोअरचं पाणी ओतलं. मी म्हटलं, टोमॅटो नंतर घाला. त्यावर उत्तर आलं, ‘काकू, व्हिडिओत असंच दाखवलंय.’ तासाभराने तांदळाचा लगदा झाला होता आणि डाळ जशीच्या तशी. ढवळलं की डाळीचे दाणे डावावर टकटक वाजत होते. सव्वा तास झाला, दीड झाला. भात तळाला लागला, करपल्याचा वास हॉलपर्यंत गेला, माणसं ताटं घेऊन बसलेली. शेवटी एकाने सोड्याचं पाकीट काढलं. तेवढं मात्र मी त्याच्या हातातून काढून घेतलं.

झालं काय होतं, ते समजून घ्या. डाळ मऊ होते म्हणजे तिच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. आंबटात ते सहज विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर ते आणखी घट्ट बांधून ठेवतं. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू यांतलं काहीही सुरुवातीला घातलं आणि वर जड पाणी असलं, तर मूगडाळीसारखी गरीब डाळसुद्धा हट्टाला पेटते. डाळ जुनी असेल तर विचारूच नका. सोड्याने ती मऊ होते हे खरं, पण सोडा डाळीतलं ब 1 जीवनसत्त्व नष्ट करतो आणि चव साबणासारखी करतो. आजाऱ्याच्या जेवणात सोडा घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्या रात्री आम्ही प्यायच्या पाण्याचे जार फोडले, नवी डाळ गरम पाण्यात भिजवली आणि नुसती हळद घालून वेगळी शिजवली. ती पूर्ण मऊ झाल्यावरच धुतलेले तांदूळ आणि आधण घातलं. फोडणी वरून दिली. जेवायला दहा वाजले, पण खिचडी पोटाला बाधणारी नव्हती. पहिलं पातेलं वाया गेलं, याचं मला फार वाईट वाटलं.

तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर डाळीपुरतं तरी क्षार काढणाऱ्या गाळणीयंत्राचं किंवा जारचं पिण्याचं पाणी वापरा. गिझर-नळावर पांढरा थर चढत असेल तर तुमचं पाणी जड आहे, दुसरी परीक्षा नको. आणि आंबट काही हवंच असेल तर ताटात लिंबाची फोड ठेवा.

फोडणी करपवणे, किंवा नुसती भिजवणे

या खिचडीत मसाले मोजकेच असतात, म्हणून एकही बिघडला तर लगेच कळतं. दोन टोकांच्या चुका दिसतात. काही जण तूप धूर येईपर्यंत तापवतात आणि हळद-हिंग टाकून ते काळं करतात. सगळ्या खिचडीला कडवट वास बसतो. काही जण उलट कोमट तुपातच सगळं एकदम टाकतात. जिरं तडतडत नाही, हिंग कच्चा राहतो आणि त्याचा उग्र दर्प पहिल्या घासालाच नाकात जातो. हिंगाला तापलेली स्निग्ध वस्तू लागतेच. तुपात पडून क्षणभर फुलला की त्याचा उग्रपणा जाऊन खमंगपणा येतो.

माझा क्रम ठरलेला आहे. मध्यम आंचेवर दोन चमचे तूप. एक जिऱ्याचा दाणा टाकून बघायचा. तो लगेच वर येऊन नाचला की बाकीचं जिरं. जिरं गडद होण्याआधी चार-पाच मिरे, एक लवंग, एखादं तमालपत्र. मग किसलेलं आलं, ते तुपात पडलं की आवाज बदलतो, चरचर कमी होते. ओलेपणामुळे तूपही थोडं निवतं, आणि म्हणूनच हिंग-हळद त्यानंतर घालायची. दोन सेकंद हलवून लगेच निथळलेले डाळ-तांदूळ. हळद पाव चमचा पुरे. पिवळाधमक रंग हवा म्हणून चमचाभर हळद घातलेली खिचडी मी खाऊ शकत नाही.

तयार ‘खिचडी मसाला’ घालू नका. गरम मसाला तर नकोच. पित्ताचा त्रास असेल तर मिरे आणि लवंगही कमी करा, जिरं आणि धणे वाढवा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं. घरात कुणाला गहू चालत नसेल तर डबी उलटी करून घटक वाचून घ्या.

डाळ आणि तांदूळ निवडताना

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 25व्या अध्यायात प्रत्येक गटातलं श्रेष्ठ काय, याची यादी आहे. डाळींच्या धान्यांत मूग, भात-गव्हासारख्या शूकधान्यांत लाल तांदूळ, मिठांत सैंधव, तुपांत गाईचं तूप. खिचडीचं सगळं सामान एकाच यादीत सापडतं, आणि तरी लोक मुगाच्या जागी तूर घालून हलकेपणाची अपेक्षा धरतात. त्याच यादीत उडीद त्याच्या गटातला सर्वांत अहितकर सांगितला आहे, तेव्हा ‘डाळ कुठलीही चालते’ हे डोक्यातून काढून टाका.

तांदूळ जुना घ्या. नवं धान्य पचायला जड आणि जुनं हलकं, हे आयुर्वेदही सांगतो आणि हातालाही कळतं: नवा तांदूळ चिकट होतो आणि खिचडीची खळ होते. नवाच मिळाला तर कोरडाच मंद आंचेवर दाणा गरम होऊन सुवास येईपर्यंत भाजून घ्या आणि पाणी थोडं कमी ठेवा. मी मूगडाळही अशीच भाजते, रंग न बदलू देता. आंबेमोहोर किंवा त्याची कणी आजाऱ्यासाठी सगळ्यात चांगली, लवकर विरघळते. लांब दाण्याच्या बासमतीचं इथे काही काम नाही.

मिठात सैंधव घालायला हरकत नाही. पण त्यात आयोडीन नसल्यातच जमा असतं, म्हणून घरातलं रोजचं आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका.

भिजवणं टाळणे

अर्धा तास. तेवढाही धीर नसेल तर वरण-भात करा, खिचडीचा आग्रह धरू नका.

कुकरची घाई

डाळ फेसाळते. कुकर अर्ध्याहून जास्त भरलात तर पिवळं पाणी शिट्टीतून उडतं आणि झडपेत अडकतं. अर्धा चमचा तूप आधीच घातलं की फेस कमी येतो. चार शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पाच मिनिटं आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडणारे लोक पाहिले की मला भीती वाटते. ते धोक्याचं आहेच, शिवाय शेवटचा मऊपणा त्या जिरणाऱ्या वाफेतच येतो.

तूप चुकवणे आणि वर दही ओतणे

‘वजन कमी करायचंय’ म्हणून कोरडी खिचडी खाणारे आणि रात्री गरम खिचडीवर दही ओतणारे, दोघंही मला सारखेच भेटतात. 14व्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूतानेसुद्धा मूग-तांदूळ शिजवून तुपासोबत सकाळच्या न्याहारीला खातात, असं नोंदवलं आहे. जेवणाऱ्याच्या पानात वाढून झाल्यावर वरून एक चमचा तूप सोडायचं. ज्यांना डॉक्टरांनी स्निग्ध पदार्थ कमी करायला सांगितलेत त्यांनी फोडणीतलं तूप घटवावं आणि हे वरचं अर्धा चमचा ठेवावं.

दह्याबद्दल चरकसंहिता स्पष्ट आहे: रात्री दही खाऊ नये आणि गरम करून खाऊ नये. वाफाळत्या खिचडीत दही कालवलं की ते गरमच होतं. बरोबर काहीतरी आंबटसर हवं असेल तर दुपारी जिऱ्याची फोडणी दिलेली पातळ कढी करा. रात्री पोह्याचा भाजलेला पापड आणि लिंबू पुरतं. ताप नुकताच उतरला असेल तर तेही नको.

उरलेली खिचडी रात्रभर ओट्यावर

शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू तग धरून राहतात, ते उकळूनही मरत नाहीत. खिचडी तासन्‌तास कोमट राहिली की त्यांना वाढायला तेवढं पुरतं, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून मी आजाऱ्यासाठी पुरेल तेवढीच टाकते. उरलीच तर तासाभरात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवते आणि ती घरातली धडधाकट माणसं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवतात. गार झालेली खिचडी घट्ट वडीसारखी होते. ती तशीच तव्यावर परतू नका. पातेल्यात काढून आधी अर्धी वाटी आधणाचं पाणी घाला, पळीने मोडून घ्या, झाकण ठेवून खदखदा उकळी येऊ द्या. मीठ शेवटी चाखून बघा, पाणी घातल्यावर ते कमीच पडतं.