जुनी डिझेल गाडी सकाळी स्टार्ट घेत नाही? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिक, महाबळेश्वर भागात पारा दहाच्या खाली आला की जुन्या सुमो, इंडिका आणि प्यूजो इंजिनच्या महिंद्रा जीप सकाळी त्रास द्यायला लागतात. सेल्फ फिरत राहतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, बॅटरी मान टाकते आणि शेवटी चार माणसं धक्क्याला लावावी लागतात. दुपारी तीच गाडी अर्ध्या सेल्फला चालू होते. मग मालक ती दुपारीच गॅरेजला नेतो, आणि सगळ्यात महागडी चूक तिथे होते.

इंजिन गरम झालं की या दोषाचा मागमूस राहत नाही. तो रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या सेल्फलाच दिसतो. दुपारी तपासणारा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी अंदाजच करणार. आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), मग बॅटरी, मग नोझलला दाबाने डिझेल देणारा पंप, असं बिल वाढत जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडा आणि सकाळी तुमच्यासमोरच किल्ली फिरवायला सांगा. ते जमत नसेल तर पहिल्या सेल्फचा व्हिडिओ घ्या, सेल्फचा आवाज आणि सायलेन्सर दोन्ही येतील असा. मेकॅनिकला याहून उपयोगी दुसरं काही देता येणार नाही.

धूर न पाहताच पार्ट बदलणे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. जुन्या सुमोचं १९४८ सीसीचं किंवा इंडिकाचं १४०५ सीसीचं इंजिन घ्या. यात डिझेल आधी हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कप्प्यात फवारलं जातं. हवा वीस-बावीस पट दाबली जात असली तरी त्या कप्प्याच्या थंड भिंती बरीच उष्णता शोषून घेतात. म्हणून तिथे हीटर प्लग, म्हणजे तो कप्पा आधी तापवणारा विजेचा प्लग, लागतो. ट्रॅक्टर किंवा टाटा ४०७ ट्रकसारख्या गाड्यांत डिझेल थेट पिस्टनवर पडतं आणि त्यातल्या अनेकांना हीटरच नसतो, तेव्हा त्यांची तक्रार दुसरीकडे शोधावी लागते.

सेल्फ चांगला फिरतोय आणि पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. हीटर, कम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) किंवा पंपाचं टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) बघा. सेल्फ चांगला फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेलच पोहोचत नाही. आणि सेल्फच कण्हत कण्हत फिरत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅटरी आणि वायरिंग.

डॅशबोर्डवरचा दिवा विझला म्हणजे हीटर झाला, असं समजणे

तो दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत फक्त वेळ मोजतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो वेळेवर पेटतो आणि वेळेवर विझतो. सगळ्या प्लगना वीज देणारी वरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावा आणि दुसरं एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. दिवा लागला नाही तो प्लग गेला. मल्टिमीटर असेल तर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. प्लग ठीक निघाले तर पट्टी परत लावून, थंड इंजिनावर किल्ली हीटरला ठेवा आणि पट्टीवर व्होल्टेज मोजा. ते बॅटरीच्या जवळपास हवं. काहीच येत नसेल तर रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा मोठा फ्यूज गेलाय.

एकच प्लग गेला असेल तर गाडी चालू होते, पण पहिला मिनिटभर एका सिलिंडरवर मिसिंग करते, थरथरते आणि धूर टाकते. कित्येक जण याला नोझलचा दोष समजतात. अगदी जुन्या इंजिनांत दोन तारांचे प्लग एकापाठी एक जोडलेले असतात. तिथे एक गेला की सगळेच बंद. या प्लगना प्रत्येकी जेमतेम दोन व्होल्ट चालतात. बॅटरीची तार थेट टेकवून "लाल होतो का बघू" केलं की चांगला प्लगही जळतो.

प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या आणि जोर लावू नका. टोक आत तुटलं तर हेड उतरवावं लागतं. काढलेले प्लग फेकण्याआधी नीट बघा. चारपैकी एकाचंच टोक जळून खाल्ल्यासारखं दिसत असेल तर त्या सिलिंडरचा नोझल फवारा न मारता थेंब टाकतोय. तो न बघता नवा प्लग बसवला तर तोही थोड्याच दिवसांत जाईल.

"डिझेल गळत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे"

धूर न येणाऱ्या गाडीत माझा पहिला संशय हवेवर असतो. टाकी इंजिनापेक्षा खाली असते, त्यामुळे टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनला बारीक चीर गेली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परततं आणि सकाळी पंपाला हवा मिळते. जमिनीवर एक डागही दिसत नाही, म्हणून हा दोष महिनोन्महिने सापडत नाही.

सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हँड प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबा. त्यानंतर गाडी लगेच चालू झाली तर लाइन हवा धरतेय हे जवळजवळ नक्की. मग जागा शोधायची: नोझलवरचे रिटर्नचे रबरी पाइप, फिल्टरवरच्या बोल्टचे तांब्याचे वायसर, प्रायमरचा पडदा, पाणी साठणाऱ्या वाटीचं रबर. जुना वायसर उलटा करून पुन्हा बसवू नका, नवा काही रुपयांना मिळतो. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. रोटरी पंपाच्या (एकाच फिरत्या भागातून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणाऱ्या पंपाच्या) गाडीत किल्ली ऑन करताना पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा, "टक" आवाज येतो का, हेही ऐका.

नवी बॅटरी आणून अर्थिंग तसंच ठेवणे

पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मीच भरलेली. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. पण एक माप बहुतेक जण घेतच नाहीत. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा मायनस इंजिनाला जोडणारी) गंजली आहे, नवी बॅटरीही हरेल. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. इंजिन ऑइल खातं म्हणून फार जाड ऑइल भरलं असेल तर थंडीत सेल्फवर तोही भार पडतो.

स्प्रे, पेट्रोलचा बोळा आणि धक्का

याबद्दल स्पष्टच सांगतो: हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा वापरू नका. तापलेल्या प्लगवर तो वायू पिस्टन वर येण्याआधीच भडकतो. रिंग तुटतात, पिस्टनला तडा जातो, हात भाजतात. एअर फिल्टरशी पेटता बोळा धरणं तर गाडी जाळण्याचीच तयारी. टायमिंग बेल्टच्या इंजिनाला धक्का दिला आणि जुना बेल्ट एक दात सरकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

डिझेल गोठलं, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. गोठण्याची खरी अडचण लडाखची, तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं. आपल्या मैदानी भागात फिल्टरमधलं पाणी हे कितीतरी जास्त शक्य कारण आहे. ते काढा, आणि रॉकेल मिसळू नका. पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

थेट इंजिन उतरवणे

हीटर, हवा, बॅटरी सगळं ठीक असूनही पांढरा धूर आणि लांब सेल्फ राहिला, तर कम्प्रेशन गेजने मोजून घ्या. पण त्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची ठरावीक फट, सेट करून घ्या. टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगल्या इंजिनाचंही कम्प्रेशन कमी दिसतं. चारपैकी एकाच सिलिंडरचा आकडा खूप कमी आणि बाकीचे ठीक असतील तर कदाचित हेडच्या कामावर भागेल. बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं) काम त्यानंतर.

तक्रार उलटी असेल, म्हणजे थंड गाडी लगेच उठते पण घाटात चहाला थांबल्यावर गरम इंजिन उठत नाही, तर हीटरला हात लावू नका. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या रोटरी पंपातून आतल्या आत निसटतं. बंद इंजिनाच्या पंपावर ओलं फडकं काही मिनिटं ठेवा. त्यानंतर गाडी चालू झाली तर पंप काढून टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) द्या.