जुन्या मॉडिफाय गाडीचे स्पार्क प्लग: आधी जुना वाचा, मग नवा घ्या

पावसाळा सरला की आमच्या सावंतवाडी-कुडाळकडे जुन्या गाडीवाल्यांची एकच रड सुरू होते, गाडी मिसिंग मारते, घाटात ओढत नाही, आणि मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की महागडा इरिडियम प्लग टाक, सगळं बरं होईल. तसं नसतं हो. आधी जुने प्लग काढून नीट बघा, इंजिनच्या पोटात काय चाललंय ते त्यांच्यावरच दिसतं.

माझी कार्बोरेटरवाली जिप्सी आहे, हेड (सिलिंडरवरचं झाकण, प्लग त्यातच बसतात) थोडं घासून कॉम्प्रेशन वाढवलंय, हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बदललाय, जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची भोकं) मोठे केलेत, त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातला प्लग तिला चालेलच असं नाही.

प्लग काढायचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. हेड अॅल्युमिनियमचं, गरम असताना जोर लावला की आटे सोलून बाहेर येतात, आमचे जुने मिस्त्री म्हणायचे "थंड होवंदे आधी, घाई कित्याक?" वायर ओढताना बूट, म्हणजे तिच्या टोकाची रबरी टोपी, धरून ओढा, वायर धरून नाही, आणि प्लगच्या खड्ड्यात जांभ्याची लाल धूळ बसलेली असते ती आधी हवा मारून काढा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते. खाऱ्या हवेने प्लग गंजून बसला असेल तर बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी थोडा सैल, परत थोडा घट्ट, परत सैल असं करत काढा. काढलेले प्लग मी अंड्यांच्या पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहून त्याच क्रमाने ठेवतो कारण चारातला एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा किंवा त्याच्या वायरचा, आणि चारही सारखे असतील तर कार्बोरेटर, टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) नाहीतर प्लगची निवडच.

नुसत्या आयडलवर चाललेल्या गाडीचा प्लग खोटं सांगतो, काळाच दिसणार. मी दाणोलीवरून आंबोली घाट चढवतो, वर रस्ता रुंद आहे तिथे बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करतो, गाडी थंड झाली की तिथेच प्लग खोलतो. आतल्या चिनीमातीचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, स्पार्क कमजोर किंवा प्लग फार थंड (थंड-गरम म्हणजे काय ते खाली सांगतो). ओली तेलकट काळी म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, तिथे कितीही महाग प्लग घातला तरी महिन्याभरात तसाच होणार. एकदम पांढरं, फोड आलेलं, इलेक्ट्रोड झिजलेलं दिसलं तर प्लग तापतोय, मिश्रण पातळ आहे नाहीतर टायमिंग पुढे आहे, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यामुळे जुन्या कार्बोरेटरला हे जास्त होतं, जेट बघून घ्या. चिनीमातीवर बारीक चमकणारे कण दिसले तर गाडी चालवूच नका, तो पिस्टनचा अॅल्युमिनियम आहे. बाहेरच्या पांढऱ्या भागावर मात्र धातूच्या कडेला तपकिरी कडं दिसलं म्हणून घाबरू नका, कॉम्प्रेशन लीक नव्हे ते, हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण चिकटतात.

आता निवड. थंड प्लग म्हणजे उष्णता लवकर हेडकडे सोडणारा, गरम म्हणजे धरून ठेवणारा. टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच काजळी जळते आणि ८००च्या वर गेलं की स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटायला लागतं. एनजीके कंपनीच्या कोडमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग थंड, बॉश कंपनीच्या बरोबर उलटं, हे दुकानात विसरू नका. माझ्याकडे आधी एनजीकेचा बीपीआर५ईएस होता, हेड घासल्यावर घाटात तापून पांढरा पडायला लागला म्हणून बीपीआर६ईएसवर आलो, एकच पायरी. दोन पायऱ्या थंड घेतलात तर बाजारातल्या हळू चालण्यात काजळी धरते. नुसता फिल्टर आणि सायलेन्सर बदलला असेल तर मूळचाच ठेवा. आटे किती लांब आहेत ते जुना-नवा शेजारी धरून बघा, हा १४ मिमी जाडीचा, १९ मिमी लांबीचा आहे, जास्त लांब घातला तर पिस्टन आपटू शकतो. कोडमधला आर म्हणजे रेझिस्टर, तो असलेलाच घ्या, रेडिओत खरखर येत नाही.

गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) स्वतः मोजा, डब्यातून आला म्हणून बरोबर समजू नका. माझा ०.७ ते ०.८ मिमी, टर्बो असेल तर कमी लागतो. बसवताना आधी हातानेच फिरवा, अडकला तर जोर न लावता परत काढा. वॉशर टेकला की नवीन प्लगला पान्याने अर्धा फेरा, जुन्याला जेमतेम बारावा भाग. आट्यांना ग्रीस फासू नका, नकळत जास्त आवळला जातो, बुटाच्या आत मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा थेंब जरूर लावा.

मग रात्री अंगणातला दिवा बंद करा, गाडी चालू ठेवा, फवाऱ्याने वायरींवर पाणी शिंपडा, हात मात्र लांब. आमच्या दमट हवेत निळी ठिणगी बाहेर कुठे उडते ते लगेच दिसतं. माझ्या तिसऱ्या वायरला बुटाच्या जवळ केसाएवढी चीर होती, दोन महिने मी कार्बोरेटर खोलत बसलो होतो, वायर बदलली आणि दुसऱ्या दिवशी आंबोलीच्या चढात तिने एकदाही मिसिंग मारलं नाही.