बांधावरची बाभूळ आत्ता तोडू नका, वटवट्या आलाय

राम राम मंडळी. सोयाबीन निघालं की दरवर्षी तेच, बांध साफ करायचा म्हणून बाभळी, बोरी, निंबाच्या फांद्या सगळं सपाट आणि वर काडी लावून मोकळं. हात जोडून सांगतो, थांबा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमालय, मध्य आशिया, सायबेरियाकडून हिरवट वटवट्या हा चिमुकला पक्षी आपल्याकडे उतरतो. वजन जेमतेम १० रुपयांच्या नाण्याएवढं, अंगावर शेवाळी रंग, डोळ्यावर फिकट पट्टी. पटकन दिसत नाही पण बाभळीखाली ५ मिनिटं उभं राहा, "चिस्वी, चिस्वी" ऐकू येईल, मग दिसेल की एकेक पान खालून तपासतोय, बारकी अळी, तुडतुडा, कोळी उचलतोय आणि पुढच्या फांदीवर. हिवाळाभर किडेच खातो. त्यात एकेक पक्षी आपली ठराविक झाडं धरून राहतो, दुसऱ्याला हाकलतो. म्हणजे तुम्ही झाड पाडलं तर शेजारच्या बांधावर त्याला कुणी टिकू देत नाही.

आधी बांध जाळायचा आणि मग शेतात पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायच्या काठ्या, रोवायचे, हे मी कितीदा बघितलंय. थांबे रोवाच, पण त्यावर कोतवाल, साळुंकी येते. वटवट्याला काठी नको, पाला पाहिजे. शेंगा, घाटे पोखरणारी मोठी घाटेअळी काही त्याचं काम नाही, ती कोतवालाची. पण बांधालगतच्या तुरीत तो उतरतो आणि तिथं पानं गुंडाळणारी अळी मला कमी दिसते, हे मोजलेलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

बाकी तूर-हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी नेहमीचं:
- कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) एकरी २
- पक्षीथांबे एकरी २०, पिकाच्या फूटभर वर
- फुलोऱ्यात ५% निंबोळी अर्क
- अळी लहान असताना एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग पाडणारा विषाणू) १० मिली/१० लिटर, संध्याकाळी
- हरभऱ्यात मीटरभर ओळीत १-२ अळ्या दिसल्या तरच इमामेक्टिन बेंझोएट ५% हे कीटकनाशक, ४.४ ग्रॅम/१० लिटर

ढगाळ हवा पडली की घाई करा, पण घाई शेतात जाऊन अळ्या मोजायची, दुकानात पळायची नाही. तिथं टॉनिकसकट तीन बाटल्या हातात देतात, एकत्र मारा म्हणतात. आमच्या शिवारात एकानं बांध जाळून तेच केलं, खर्च दुप्पट आणि शेंगा तरी पोखरलेल्याच.

सावली पडते म्हणणाऱ्यांनी पिकाकडच्या फांद्या तेवढ्या छाटा, शेंडा आणि पलीकडची बाजू एप्रिल संपेपर्यंत राहू द्या, तोवर तो परतीला लागलेला असतो.