‘संपला तो’ म्हणण्याआधी: स्ट्रायकरचा फॉर्म आणि पुढचा क्लब कसा जोखायचा

सोमवारी सकाळी विरार लोकलमध्ये असो की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, फुटबॉलचा वाद एकाच वाक्यानं पेटतो: “पाच मॅच झाल्या, एक गोल नाही. विका त्याला.” समोरचा मागच्या सीझनचा आकडा तोंडावर मारतो आणि मग ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो. गोल सोडून दुसरा आकडा दोघांकडेही नसतो. स्ट्रायकरच्या, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढे खेळणाऱ्याच्या, हिशेबात गोल हा शेवटचा रकाना. त्याच्या आधी मिनिटं, शॉट आणि शॉट कुठून मारला, हे तीन रकाने भरावे लागतात.

सुरुवात मिनिटांपासून. मॅच मोजू नका. गोल भागिले मिनिटं, गुणिले ९०. कुणी १३५० मिनिटांत ९ गोल केले तर ०.६०, कुणी २७०० मिनिटांत १२ केले तर ०.४०. गोलांच्या यादीत दुसरा वर दिसतो, पण कामाचा पहिला. एक पथ्य पाळा: ९०० मिनिटांपेक्षा कमी खेळलेल्याची ही सरासरी वादात काढू नका. पंचाहत्तराव्या मिनिटाला बदली म्हणून उतरणाऱ्याला दमलेला बचाव आयता मिळतो, त्यामुळे त्याचा आकडा फुगतो.

मुंबईकरांना हे पटवायला नायजेरियाचा स्ट्रायकर बार्थोलोम्यू ओगबेचे पुरेसा आहे. आयएसएलमधले (इंडियन सुपर लीग) त्याचे लागोपाठचे चार सीझन: नॉर्थईस्टकडून १२ गोल, केरला ब्लास्टर्सकडून १५, मुंबई सिटीकडून ८, हैदराबादकडून १८. नुसती ही ओळ वाचली तर २०२०-२१ ला मुंबईत त्याचं वय दिसायला लागलं, असंच कुणीही म्हणेल. तेव्हा तो ३६ चा होता. पण त्याच संघात अ‍ॅडम ले फाँड्र होता, त्यानं ११ गोल केले, आणि नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जागा दोघांनी वाटून घेतली. मुंबईनं शील्ड (साखळीत पहिलं येण्याची) आणि ट्रॉफी (प्लेऑफची) दोन्ही जिंकल्या, त्यामुळे कोचचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. पुढच्या सीझनला हैदराबादनं त्याला मुख्य स्ट्रायकर म्हणून खेळवलं आणि ३७ व्या वर्षी त्यानं सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला.

मग पेनल्टी वजा करा. मँचेस्टर सिटीच्या हालांडनं २०२२-२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल केले, त्यातले ७ पेनल्टीवरचे. म्हणजे तुलनेला धरायचा आकडा २९. वजा करण्याचं कारण साधं आहे. पेनल्टी कोण मारणार हे क्लब ठरवतो. उद्या एखादा स्ट्रायकर जिथे जाईल तिथे पेनल्टी मारणारा दुसरा असेल, तर त्याचे चार-पाच गोल जागच्या जागी कमी होतात.

आता शॉटची गुणवत्ता, म्हणजे एक्सजी (अपेक्षित गोल). त्या जागेवरून, त्या कोनातून मारलेले तसे हजारो शॉट पाहून यातले किती गोल होतात, हे तो आकडा सांगतो. पेनल्टी ०.७८ च्या आसपास, म्हणजे शंभरात ७८ गोल. बॉक्सच्या (गोलपुढच्या चौकोनाच्या) बाहेरून मारलेला साधा शॉट ०.०३-०.०४. ‘दुष्काळ’ खरा की योगायोग हे याच आकड्यावरून कळतं. समजा स्ट्रायकर मॅचमागे ३ शॉट मारतो आणि प्रत्येक शॉट सरासरी ०.१२ चा आहे. पाच मॅचमध्ये १५ शॉट. प्रत्येक शॉट हुकण्याची शक्यता ०.८८. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ०.८८ चा पंधरावा घात काढा: ०.१४७. काहीही बिघडलेलं नसताना सातात एकदा तरी पाच मॅच कोरड्या जाणार. ३८ मॅचच्या लीगमध्ये पाच-पाचचे सात गट पडतात, म्हणजे चांगल्या स्ट्रायकरच्या वाट्यालाही सीझनला सरासरी असा एखादा टप्पा येतो. सोमवारचं ते ‘विका त्याला’ बहुतेक वेळा याच टप्प्यात ऐकू येतं.

काळजी कधी करायची? शॉट तेवढेच, जागाही त्याच आणि गोल मात्र नाहीत, तर थांबा. शॉट तीनवरून दीडवर आले, किंवा शॉट तेवढेच पण सगळे बॉक्सबाहेरून यायला लागले, तर गडबड आहे. उलटा सापळाही लक्षात ठेवा: एक्सजी १२ आणि गोल २० असा सीझन बहुतेकांना पुन्हा जमत नाही. मेसी, केन, सोन यांच्यासारखे मोजकेच वर्षानुवर्षं एक्सजीच्या वर राहिले. बाकीच्यांना त्या एका सीझनच्या भावात विकत घेणारा क्लब फसतो.

शॉट का घटले हे आकडे सांगत नाहीत, त्यासाठी खेळ पाहावा लागतो. टीव्हीवर ते अवघड, कारण कॅमेरा बॉलमागे धावतो आणि स्ट्रायकर चौकटीबाहेर असतो. शिवाय चॅम्पियन्स लीग आपल्याकडे रात्री साडेबारा-दीडला सुरू होते. पेंगत पाहिलेल्या दुसऱ्या हाफवरून कुणाचं करिअर संपवू नये. सवय लावायची तर आझादनगर मेट्रोला उतरून अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात जा. मध्यरेषेजवळ, शक्य तितक्या वरच्या रांगेत बसा आणि दहा मिनिटं फक्त स्ट्रायकरकडे बघा, बॉलकडे नाही. अवघड जातं, मान आपोआप वळते.

बघायचं ते हे. विंगर (कडेनं खेळणारा) क्रॉस मारायला, म्हणजे बॉल कडेवरून बॉक्समध्ये टाकायला, मान वर करतो, त्या क्षणी स्ट्रायकर कुठे असतो? चांगला असेल तर डिफेंडरच्या पाठीमागे, जिथे डिफेंडरला बॉल आणि तो एकत्र दिसत नाहीत. मग दोन पावलं दूरच्या पोस्टकडे, डिफेंडर झुकला की झटकन जवळच्या पोस्टकडे. या धावेनंतरही बॉल मागेच राहतो आणि स्ट्रायकर हात वर करून उभा राहतो, असं पुन्हा पुन्हा घडत असेल तर दोष पुरवठ्याचा. स्ट्रायकर विकून काही होणार नाही, क्रॉस मारणारा शोधा. पण ही धावच निघत नसेल, पहिली तीन पावलं जड पडत असतील, वळताना तो एकाच पायावर भार टाकत असेल, तर दुखापतीचा इतिहास काढा.

स्पेनच्या फर्नांडो टोरेसच्या बाबतीत नेमकं हेच गोलांखाली झाकलं गेलं. २००९-१० मध्ये लिव्हरपूलकडून लीगच्या २२ मॅचमध्ये १८ गोल. पण २०१० च्या जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये एकही गोल नाही. जानेवारी २०११ मध्ये चेल्सीनं ५ कोटी पौंड मोजले; त्या सीझनच्या उरलेल्या लीगमध्ये त्याचा एक गोल झाला.

क्लब बदलण्याच्या चर्चेत पहिला प्रश्न “कोणाला हवाय?” हा नसतो. करार किती उरलाय, तो असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केन ३० चा होता आणि टॉटनहॅमशी करार एकच वर्ष उरला होता. तेव्हा विकला नसता तर पुढच्या उन्हाळ्यात तो फीशिवाय गेला असता. म्हणून बायर्नशी सौदा जमला. एम्बापे २०२४ मध्ये पीएसजीतून तसाच, ट्रान्सफर फीचा एक पैसा न घेता, माद्रिदला गेला. याच्या उलट इसाक: २५ वर्षांचा, न्यूकॅसलशी २०२८ पर्यंत करार, त्यामुळे १ सप्टेंबर २०२५ ला लिव्हरपूलला सुमारे १२.५ कोटी पौंड मोजावे लागले. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू परदेशी क्लबशी आगाऊ करार करू शकतो, त्यामुळे जानेवारी आली की किमतीची भाषाच बदलते.

दुसरा प्रश्न परवडण्याचा, आणि इथे बहुतेक जण फक्त ट्रान्सफर फी धरतात. कागदावर मांडा. फी ६ कोटी युरो, करार पाच वर्षांचा: वर्षाला १ कोटी २० लाख. पगार आठवड्याला २ लाख युरो: वर्षाला १ कोटी ४ लाख. म्हणजे वर्षाचा भार २ कोटी २४ लाख युरो, एजंटचं कमिशन वेगळं. करार आठ वर्षांचा केला म्हणून फी आठ भागांत वाटता येत नाही. यूएफा (युरोपची फुटबॉल संघटना) आणि प्रीमियर लीग आता पाचच वर्षं धरतात. चोवीस वर्षांचा असेल तर यातलं बरंच पुढच्या विक्रीत परत येऊ शकतं. तिशीतला असेल तर पैसे गेलेच समजा आणि त्या बदल्यात दोन सीझन चोख मिळतात का ते बघा.

तिसरा प्रश्न जागेचा. नवा संघ मागे बसून लांब पास देणारा की बॉल फिरवत बॉक्स भरणारा? मोकळ्या जागेत पळून गोल करणाऱ्याला दहा जण बॉक्समध्ये उभे करणाऱ्या संघांपुढे रोज खेळायला लावलं, तर तो तोच खेळाडू राहत नाही.

भारतीय स्ट्रायकरसाठी हा प्रश्न सगळ्यात जड आहे. आयएसएलचे क्लब परदेशी खेळाडूंच्या जागा आधी पुढच्या फळीत खर्च करतात आणि आपला पोरगा विंगवर ढकलला जातो. सुनील छेत्रीही क्लबकडून कित्येकदा डावीकडूनच खेळला. म्हणून भारतीय खेळाडूच्या मिनिटांचे दोन भाग करा: नऊ नंबरवर किती आणि विंगवर किती. मगच त्याचे गोल मोजा.

अफवा तोलायची एक सोपी शिडी आहे: क्लबला रस, खेळाडूशी पगाराची बोलणी, लेखी ऑफर, फी ठरली, मेडिकल (वैद्यकीय तपासणी), नोंदणी. “रस आहे” ही बातमी नसते, बऱ्याचदा एजंटच ती पगारवाढीसाठी सोडतो. फी ठरल्यावरही सौदा मोडतो: २०१४ मध्ये लोइक रेमीचा लिव्हरपूलचा सौदा मेडिकलनंतर फिस्कटला आणि ऑगस्टअखेर तो चेल्सीत दिसला. फी न ठरताच निघालं तर काय होतं, ते तेव्हा वेस्ट ब्रॉमकडून खेळणाऱ्या पीटर ओडेमविंगीला विचारा. ३१ जानेवारी २०१३ ला तो गाडी घेऊन थेट क्यूपीआर या लंडनच्या क्लबच्या मैदानावर पोचला आणि सही न करता घरी परतला.

वडापावची पैज लावायचीच असेल तर अटी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: कोणती विंडो (खेळाडू घेण्या-विकण्याची मुदत), लोन (काही काळापुरतं उसनं देणं) धरायचं की नाही, आणि गोलांची पैज असेल तर पेनल्टी धरून की वगळून. किमान ९०० मिनिटांची अटही घाला, नाहीतर स्ट्रायकर दोन मॅचनंतर जखमी झाला की वडापाव कुणी द्यायचा यावर नवा वाद सुरू होतो.