परकीय मदत देशाच्या उद्दिष्टांना कितपत उपयोगी पडली, हे कसे तपासावे

शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा प्रकल्प लिहिणाऱ्यांपुढे आणि कोल्हापुरात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांपुढे हा विषय वारंवार येतो. बहुतेक जण मदत देणाऱ्या संस्थेचा अहवाल उघडतात आणि मंजूर रक्कम, झालेला खर्च व बांधलेल्या शाळांची संख्या उतरवून घेतात. त्यातून पैसे खर्च झाले एवढेच कळते. तपासणीची सुरुवात मदत घेणाऱ्या देशाने स्वतःसाठी काय ठरवले होते, येथून करावी. म्हणजेच त्या देशाची पंचवार्षिक योजना, अर्थसंकल्प आणि शक्य असल्यास राज्यघटना आधी वाचावी व देणाऱ्याचा अहवाल त्यानंतर हाती घ्यावा.

उदाहरणासाठी भूतान निवडावा. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना 1961 मध्ये सुरू झाली आणि पहिल्या दोन योजनांचा भार भारताने उचलला. आज त्या देशाची उद्दिष्टे लेखी स्वरूपात उपलब्ध आहेत: 2008 च्या राज्यघटनेने किमान 60 टक्के भूभाग कायम वनाच्छादित ठेवण्याचे बंधन घातले आहे, तर 2024 ते 2029 या काळासाठीची तेरावी योजना 2034 पर्यंत उच्च उत्पन्न गाठण्याचे ध्येय समोर ठेवते. यांतील एकदोन उद्दिष्टेच निवडावीत. सगळी एकदम तपासायला घेतल्यास निष्कर्ष गुळमुळीत होतो.

नंतर मदतीच्या अटी पाहाव्यात, कारण खरा फरक तेथेच पडतो. भारताच्या साहाय्याने उभारलेल्या 336 मेगावॉटच्या चुखा जलविद्युत प्रकल्पात 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज होते. 1980 च्या दशकात तो सुरू झाला, जास्तीची वीज भारताने विकत घेतली आणि भूतान सरकारला स्वतःच्या उत्पन्नाचा एक मोठा मार्ग मिळाला. 2019 मध्ये कार्यान्वित झालेल्या 720 मेगावॉटच्या मांगदेछू प्रकल्पात मात्र अनुदान 30 टक्के आणि कर्ज 70 टक्के झाले. 1200 मेगावॉटच्या पुनात्सांगछू-1 चे काम 2008 मध्ये सुरू झाले. 2013 मध्ये धरणाच्या जागी डोंगरउतार खचला, काम वर्षानुवर्षे रखडले आणि वीज विकून पैसे येण्याआधीच बांधकामकाळातील व्याज वाढत गेले. देणारा तोच, क्षेत्र तेच आणि नदीखोऱ्यांचा देशही तोच असताना परिणाम एवढे वेगळे होतात, म्हणून ‘जलविद्युतला मदत मिळाली’ एवढे लिहून थांबू नये. शिवाय मोठे वीजप्रकल्प महसूल देतात, पण कायमस्वरूपी नोकऱ्या फार थोड्या निर्माण करतात. त्यामुळे महसुलाच्या उद्दिष्टाला पोषक ठरलेली मदत तरुणांच्या रोजगाराच्या उद्दिष्टाला फारशी उपयोगी पडली नाही, असे दोन वेगळे निर्णय द्यावे लागतात.

सर्वांत अवघड प्रश्न असा की, ही मदत नसती तर काय झाले असते? आपल्या भागातील सेवा सोसायटीच्या पीककर्जावरून हे चटकन समजते. शेतकऱ्याने उसासाठी कर्ज उचलले, परंतु ऊस त्याने घरच्या पैशांनीही लावलाच असता, तर त्या कर्जाने प्रत्यक्षात मोकळे झालेले पैसे घराच्या बांधकामाला किंवा लग्नाला गेलेले असतात. सरकारांचेही असेच होते. परदेशी निधीतून दवाखाने उभे राहिले, पण त्याच वर्षांत सरकारने स्वतःची आरोग्यावरील तरतूद कमी केली, तर मदतीचा खरा लाभ दुसऱ्याच खात्याला झाला. म्हणून मदत येण्यापूर्वीची आणि नंतरची काही वर्षे घेऊन त्या क्षेत्रावरील एकूण खर्च पाहावा. केवळ प्रकल्पाचा हिशेब पुरत नाही.

2005 च्या पॅरिस जाहीरनाम्याने मदतीवर घेणाऱ्या देशाची मालकी असावी आणि ती त्याच्या योजनांशी सुसंगत असावी, असे तत्त्व मांडले. ते तपासण्याची एक साधी खूण आहे: पैसा त्या देशाच्या अर्थसंकल्पातून गेला की त्यासाठी स्वतंत्र कार्यालय, स्वतंत्र लेखा आणि बाहेरचे सल्लागार उभे करावे लागले? दुसरी खूण म्हणजे खरेदीची अट. यंत्रे आणि कंत्राटदार देणाऱ्या देशातूनच घ्यावे लागत असतील, तर कागदावरची रक्कम आणि तिचे खरे मोल यांत अंतर पडते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (OECD) विकास साहाय्य समितीने, म्हणजे मदत देणाऱ्या प्रमुख देशांच्या गटाने, 2019 मध्ये सुधारलेले मूल्यमापनाचे सहा निकष (औचित्य, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा) उपयुक्त आहेतच, मात्र ते रकाने भरण्यासाठी वापरू नयेत.

आकडे गोळा करताना एक सापळा टाळावा. भारत या समितीचा सदस्य नाही आणि आपल्या मदतीची माहिती तिला नियमितपणे कळवत नाही. त्यामुळे केवळ तिची कोष्टके पाहिली, तर भूतानचा सर्वांत मोठा मदतकर्ता चित्रातून जवळपास वगळला जातो. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची अर्थसंकल्पीय मागणी आणि भूतानच्या अर्थमंत्रालयाचे वार्षिक अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. येथे देणारा आपलाच देश असल्याने कौतुकाकडे कल जाणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय म्हणून भूतानच्या लेखापरीक्षण प्राधिकरणाचे अहवाल आणि तेथील वृत्तपत्रांतील चर्चा अवश्य पाहावी.

हीच पद्धत घराजवळही वापरता येते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर कृष्णा खोऱ्यातील पूरनियंत्रणासाठी राज्य सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. तो पाहताना राज्याने कोणते उद्दिष्ट लिहून ठेवले आहे, कर्जफेडीचा भार कोणावर येणार आणि पंचगंगेच्या पाणलोटातील कोणती कामे राज्याने स्वतःच्या पैशांनी तशीही केली असती, हे तीन प्रश्न आधी लिहून काढावेत आणि मगच आकड्यांकडे वळावे.