परमिट रूममध्ये दर महिन्याला भंगार सिनेमाची रात्र कशी भरवावी

भंगार सिनेमा लावून सगळ्यांनी मिळून हसायचं, अशी ही रात्र. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे हाच कार्यक्रम ढाब्यावर, चहा-भज्यांवर करावा लागेल. बाकी विदर्भात, दर्यापूर-पुसदसारख्या तालुक्याच्या गावी, बारमालकाला आधी एवढंच विचारा: आठवड्यात धंदा थंडा कधी असतो? बाजाराच्या दिवशी बार तसाही भरलेला असतो. तो वार मागूच नका. थंडा वार घ्या, दर महिन्याला तोच ठेवा आणि ड्राय डे कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. सोयाबीन काढणीच्या महिन्यात सुट्टी दिलेली बरी, कारण तेव्हा कोणी येत नाही.

सिनेमा निवडणे

निम्मी मेहनत इथेच आहे. करणाऱ्याने जीव ओतून केला आणि तरी फसला, तोच सिनेमा चालतो. मुद्दाम वाईट बनवलेला वीस मिनिटांत जांभया आणतो. कांती शाह यांच्या 'गुंडा'तले (1998) खलनायक यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतात आणि पडद्यावर कोणालाच त्याचं हसू येत नाही. म्हणून तर बार हसतो. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (1984) दुसऱ्या-तिसऱ्या खेळाला ठेवा, भुताला गर्दी हमखास.

सिनेमा आधी अख्खा बघा. त्या काळच्या या पटांत बलात्काराची दृश्यं सर्रास असतात. ती आली की हसता बार एकदम गप्प होतो आणि परत उठत नाही. असा सिनेमा यादीतून काढाच.

हक्कांचं काय? मोबाईलवरच्या ओटीटीचं वर्गणीखातं घरापुरतं असतं, बारमध्ये दाखवायला हक्कदाराची लेखी परवानगी लागते. भारतात सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. त्यामुळे दारासिंगचा 'किंग काँग' (1962) किंवा स्टंटपटांची नायिका नादिया हिचा 'डायमंड क्वीन' (1940) यांनी सुरुवात करणं सोपं. तिकीट लावू नका, आणि पोलीस ठाण्यात व तहसीलला आधी विचारून घ्या.

पडदा, आवाज, वीज

फ्लेक्सवाल्याकडून 8 बाय साडेचार फुटांचा कोरा मॅट फ्लेक्स घ्या. चकचकीत फ्लेक्सवर प्रोजेक्टरचा झोत आरशासारखा डोळ्यात येतो. खालची कड जमिनीपासून 4 फुटांवर ठेवा, नाहीतर पुढच्या टेबलाची डोकी चित्रात दिसतात. प्रोजेक्टर किमान 3000 अॅन्सी ल्युमेनचा (उजेड मोजायचं प्रमाणित माप) हवा. स्वस्त खोक्यावर नुसतं 'ल्युमेन' लिहून मोठा आकडा छापलेला असेल तर त्याला भुलू नका. साधारण प्रोजेक्टर या पडद्यासाठी 12 फुटांवर बसतो.

आवाजाचा खरा शत्रू कूलर. एप्रिल-मेमध्ये तो बंद करता येत नाही आणि चालू ठेवला तर संवाद ऐकू येत नाहीत. डीजेचा एक मोठा डबा लावू नका, 8 ते 10 इंचांचे दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर ठेवा, कूलर मागच्या भिंतीला न्या आणि बेस कमी करा. टिनाचं छत घुमतं. मागच्या भिंतीवर दोन-तीन जाड सतरंज्या टांगल्या की बराच फरक पडतो. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे राहतो, म्हणून वायरच वापरा. नाइलाज असेल तर कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जे' (J) दाबत जा, प्रत्येक दाबाला आवाज 50 मिलिसेकंद अलीकडे येतो.

दिव्याचा प्रोजेक्टर असेल आणि लाईट गेली तर पंखा थांबतो, दिवा तापून आयुष्य गमावतो. म्हणून प्रोजेक्टर इन्व्हर्टरवरच. 300 वॉटचा प्रोजेक्टर आणि 100 वॉटचे स्पीकर धरले तर 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी अडीच तासांच्या आसपास ओढते. कूलर त्या लाइनवर चुकूनही टाकू नका.

पावसाळ्यात अंगणात पडदा लावायच्या फंदात पडू नका. दहा मिनिटांत नायकाच्या तोंडावर पाखरं.

खेळ चालवणे

साडेसातला सुरू करा. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि बंद हॉलचाही आवाज शेजारच्या घरात जाऊ देऊ नका. बिअरला 21, कडक दारूला 25 वर्षांची अट वेटरने पाळावी. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा असेल तर दारातच वय बघा.

तंबोला छापा: आकड्यांऐवजी 'वीज कडाडली', 'सहाच्या पिस्तुलातून सातवी गोळी', 'हवेलीचं दार कर्र वाजलं'. बक्षीस सावजी रश्श्याची वाटी. प्रत्येक खुणेला घोट घ्यायचा खेळ मात्र नको, परतीच्या रस्त्यावर रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात आणि बहुतेक गिऱ्हाईक मोटारसायकलवर असतं. ज्याला जास्त झाली त्याची किल्ली काउंटरवर.

आरडाओरडा पडद्यावर करू द्या, माणसावर नाही. बायांच्या टेबलाकडे शेरा गेला तर एकदाच सांगा, दुसऱ्यांदा बिल हातात द्या.

शेंगदाणे, फुटाणे, मिरची भजे आधी मागवून घ्या. मोठी ऑर्डर मध्यंतरातच घ्यायची आणि पुढच्या महिन्याचा सिनेमाही तेव्हाच जाहीर करायचा. सिनेमा संपल्यावर पुढचं नाव सांगत बसलात तर लोक चपला शोधत असतात.