पॅडल शिफ्टची जुनी गाडी घेताय? या चुका टाळा

सकाळी आठ वाजता गाडी बघायला जाऊ नका. माझ्या मामेभावाने मे महिन्यात तेच केलं. थंड गाडी नागपुरात वर्धा रोडवर लोण्यासारखी पळाली, लगेच बयाणा दिला. दोन दिवसांनी भर दुपारी बर्डी बाजाराच्या गर्दीत तीच गाडी प्रत्येक गिअरला धक्के द्यायला लागली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापला की आतलं तेल पातळ होतं, दाब घसरतो आणि लपलेलं दुखणं वर येतं. नागपूरचं ऊन त्यासाठी फुकटची परीक्षा आहे. दुपारीच जा. पाऊण तास तरी चालवा, त्यातला निम्मा वेळ गर्दीत. मग गाडी उभी करून ब्रेक दाबून ठेवा आणि आर (रिव्हर्स) वरून डी (ड्राइव्ह) वर घ्या. गिअर लागायला दोन सेकंद लागत असतील किंवा दणका बसत असेल, तर ती गाडी सोडा.

स्टीअरिंगमागे बोटाने गिअर बदलायचं पॅडल दिसलं की लोक भुलतात. अहो, पॅडल नुसता स्विच आहे, पैसे आपण त्याच्या मागच्या गिअरबॉक्सचे मोजतो. 2014 पासूनच्या पिढीतल्या पेट्रोल होंडा सिटीत सीव्हीटी आहे, म्हणजे बेल्ट आणि पुली. तिथे पॅडल ओढल्यावर लागणारे 7 गिअर खरे नसतात, संगणकाने पाडलेले टप्पे असतात. त्याच्या लगेच आधीच्या पिढीतल्या सिटी ऑटोमॅटिकमध्ये 5 गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर होता, म्हणजे खऱ्या गिअरचा साधा ऑटोमॅटिक. रोज गर्दीतून जाणाऱ्याने कमी बजेटमध्ये ड्राय क्लच डीसीटीच्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकच्या, वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रांगेत सरकताना त्याचे क्लच तापतात आणि बदलायचा खर्च मोठा असतो.

‘गिअरबॉक्सचं तेल बदलावं लागत नाही’ असं विकणारा म्हणाला, तर सर्व्हिसची बिलं मागा. सीव्हीटीला तिचंच तेल लागतं. साधं एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल) भरलं असेल तर बेल्ट घसरून खराब होतो.

पॅडल चालत नसेल तर आधी हॉर्न आणि स्टीअरिंगवरची बटणं दाबून बघा. तीही बंद आणि एअरबॅगचा दिवा लागलेला असेल, तर बहुधा क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टीअरिंगमधली गुंडाळलेली वायरपट्टी, गेलेली असते, गिअरबॉक्स नव्हे. आरपीएम (इंजिनचे फेरे) जास्त असताना खालचा गिअर लागला नाही, तर तो बिघाड समजू नका. इंजिन वाचवायला गाडीच नकार देते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला आणि कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यामुळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गालिचा उचला, सीटच्या रुळांवर गंज किंवा वाळलेला गाळ शोधा. पाणी शिरलेल्या वायरिंगचे कनेक्टर पुढे हळूहळू गंजतात आणि गिअर मध्येच अडकतो.

आरसीवर कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं तपासायला विसरू नका.

बयाण्याआधी मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या, तोही दोनदा: चालवण्याआधी आणि गाडी तापल्यावर. आदल्या दिवशी पुसलेले बिघाडाचे कोड बऱ्याचदा दुसऱ्या वेळी सापडतात.